हुपरी आणि उपरी

कोल्हापुराहून आग्नेयेस, हातकणंगले तालुक्यांत हुपरी हें गांव आहे. भोंवतालीं उंसाचे मळे, आणि गल्लीगल्लींत चांदीचें काम. एका घरीं तार ओढतात, दुसऱ्या घरीं कड्या जोडतात, तिसऱ्या घरीं घुंगरूं बसून पैंजण पुरें होतें. गांवाचें नांव घेतांच आम्हांस जुन्या दप्तरांतील 'उपरी' हा शब्द आठवला. हें साम्य केवळ कानाचें. व्युत्पत्ति म्हणून आम्ही तें सांगत नाहीं.

मराठेशाहींत वतनदार व इनामदार वगळले, तर जमीन कसणारांचे मुख्य वर्ग दोन. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. सारा भरी तोंवर ती त्याजपासून कोणी काढीत नसे, व गोतसभेंत त्याच्या शब्दास वजन असे. उपरी बाहेरून आलेला. करारानें जमीन करी, आणि न परवडल्यास दुसरें गांव धरी. गांवच्या निवाड्यांत त्यास स्थान नसे.

मध्ययुगीन जर्मनींत याच्या नेमकें उलट होतें. तेराव्या शतकांतील सॅक्सनीच्या कायदेग्रंथांत राजापासून खालीं जमीनधारकांची सात ढालींची उतरंड वर्णिली आहे. त्या उतरंडीखालचें बांधलेलें कूळ पिढीजाद जमीन कसी; परंतु धन्याच्या अनुमतीवांचून त्यास गांव सोडतां येत नसे. आमच्या उपऱ्यास पाय होते, मूळ नव्हतें. त्या कुळास मूळ होतें, पाय नव्हते. मात्र तें कूळ एखाद्या शहरांत वर्ष आणि एक दिवस राहिलें, तर अनेक ठिकाणीं त्यावरील धन्याचा हक्क सरे.

कोल्हापूर संस्थानांत १९१८ सालीं शाहू छत्रपतींनीं कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. त्याच सालीं महार वतनेंही मोडून त्या जमिनी रयतावा केल्या. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं गेलेल्या कुळकर्णाची खंत अजून ऐकूं येत असेल. परंतु वतनाच्या नांवाखालीं वेठीस जुंपलेल्या महारास त्याच सालीं सुटकेची वाट मिळाली, हेंही त्याच माजघरांत सांगितलें जावें.

सात-बारावर ज्याचें नांव नाहीं, त्यासही हुपरींत हातांतील कसबावर घर चालवितां येतें. कसब ही मिरास कोणत्याही सनदेवांचून मिळते. तथापि जेथें चांदी व्यापाऱ्याची आणि कारागिरास केवळ मजुरी, तेथें उपरीपण संपलें असें आमच्यानें म्हणवत नाहीं.