पेडलवरचा पाय

वाचकहो, आयुष्यभर सहज केलेले काम उतारवयात दुसऱ्याच्या हाती सोपविणे किती जड जाते, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले असेल. मला तो धडा घरच्या अंगणात मिळाला.

वसमत तालुक्यातील आमच्या गावाहून पत्नीला दरमहा तपासणीसाठी नांदेडला न्यावे लागते. पावसाळा सरता सरता ब्रेक दाबताच गाडीचे पेडल थरथरू लागले. पुढच्या चाकांच्या ब्रेक डिस्क झिजल्या होत्या. तरुणपणी अशी दुरुस्ती मी स्वतः करीत असे. म्हणून अडुसष्टाव्या वर्षीही कोणाला न विचारता जॅक लावला. चाक काढले आणि फडके आणण्यासाठी उठलो. इतक्यात जॅक कलला व गाडी धाडकन खाली बसली. वरून कोरडी दिसणारी आपली काळी माती आतून ओलीच होती. क्षणापूर्वी माझा हात तिथेच होता. पत्नी काही बोलली नाही; नुसती पायरीवर बसून राहिली. तो अबोला मला रागापेक्षा अधिक लागला.

दुसऱ्या दिवशी, गाड्यांचेच काम करणाऱ्या पुतण्याला बोलाविले. त्याने चाक पुन्हा बसवून गाडी सिमेंटच्या कोब्यावर घेतली, हातब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडी उचलून भक्कम स्टँडवर टेकविली. उचलणे, नट सोडविणे त्याच्याकडे; खुर्चीत बसून मोजणे-पारखणे माझ्याकडे. डिस्कवर तिची किमान जाडी सहसा कोरलेली असते. त्याहून ती पातळ झाली की बदलावीच लागते, तीही दोन्ही बाजूंची एकदम, नव्या पॅडसह. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू न देता तारेने बांधावा, नव्या डिस्कवरील तेल पुसावे, ब्रेकची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपावी, हे मी सांगत गेलो.

शेवटी पेडल मीच दाबले. प्रथम ते थेट तळाला गेले. कॅलिपरचा दट्ट्या मागे ढकललेला असल्याने तसे होतेच. काही वेळा दाबल्यावर ते घट्ट झाले. त्याआधी गाडी हलविणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

ज्येष्ठांनो, रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असता लहानशी जखमही लवकर थांबत नाही. रक्तदाबाच्या गोळीमुळे वाकून एकदम उठताना घेरी येऊ शकते. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आणि घरातील तरुणांनो, "आता तुम्हाला जमणार नाही," असे म्हणू नका. "तुम्ही सांगा, मी करतो," असे म्हणा. पहिल्या वाक्याने माणूस खचतो. दुसऱ्याने तो कामात राहतो.

पुढच्या खेपेस नांदेडच्या वाटेवर मी हळूच ब्रेक दाबला. शेजारून पत्नी म्हणाली, "अहो, आता थरथरत नाही." मला वाटते, ती केवळ गाडीविषयी बोलत नव्हती.