हातातले घड्याळ आणि काचेपलीकडचा सूर्य

जैन कथांना प्रवास नवा नाही. श्रीपाल राजाच्या कथेत धवलशेठची गलबते समुद्रावर निघतात. तांडा घेऊन देशोदेशी फिरणारा सार्थवाह तर कितीतरी कथांतून भेटतो. त्या सार्थवाहाला वाट दाखवायला सूर्य आणि तारे होते. आजच्या प्रवाशापुढे काचेच्या भिंती, सरकत्या पायवाटा आणि अक्षरे-आकड्यांचे फलक असतात. सांगलीच्या हळदपेठेत चाळीस वर्षे अडत दुकान चालवलेले अण्णा आणि त्यांच्या धर्मपत्नी आक्का माघ महिन्यात प्रथमच परदेशी निघाले. इंग्लंडमधील लेकीचे बाळंतपण जवळ आले होते. मुंबईहून दुबई आणि तेथे विमान बदलून पुढे, असा बेत होता.

पहिली अडचण आकाशातच उभी राहिली. विमानात जैन भोजन मिळते. त्यासाठी ‘व्हीजेएमएल’ हे सांकेतिक नाव सर्वत्र चालते, परंतु मागणी निदान एक दिवस आधी नोंदवावी लागते. तिकीट काढून देणाऱ्याने ती नोंदवलीच नव्हती. समोर आलेल्या ताटात बटाटा दिसताच दोघांनी ते नम्रपणे परत केले. अण्णांना मधुमेहाची गोळी जेवणाबरोबर घ्यावी लागे आणि सकाळपासून पोटात फारसे काही नव्हते.

दुबईच्या विमानतळाची सुरुवात १९६० साली झाली. त्या काळी या गावात व्यवहार रुपयात होत असे. भारतीय रिझर्व्ह बँकेने १९५९ साली आखाती मुलखासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या आणि १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत त्या येथे चालल्या. मोती, सोने आणि कापड यांच्या व्यापाराने भारताशी बांधलेल्या त्या खाडीकाठच्या गावाचे आज महानगर झाले आहे. २००८ साली उघडलेले तिसरे टर्मिनल आणि त्याला जोडलेली ए, बी, सी ही दालने एवढी विस्तीर्ण आहेत, की एका दालनातून दुसऱ्यात जायला चालकाविना धावणारी छोटी रेल्वे आहे.

विमानातून उतरून पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी झाली. शंभर मिलिलिटरहून अधिक पाणी जवळ बाळगता येत नाही, म्हणून आक्कांनी बाटली आधीच रिकामी केली होती. मोठ्या सामानाची चिंता नव्हती. ते परस्पर शेवटच्या मुक्कामी जाणार होते. तपासणीतून बाहेर पडताच अण्णांनी मनगटाकडे पाहिले आणि ते जागीच थांबले.

“सव्वासात झाले. सूर्यास्त होऊन गेला. आता उद्या सकाळीच.”

“आणि गोळी?”

“एक दिवस चुकेल. वीस वर्षांचा नियम मी मोडणार नाही.”

आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी समोरच्या उंच काचेकडे बोट दाखवले. धावपट्टीच्या पलीकडे, धुरकट आकाशात, तांबूस सूर्यबिंब अजून क्षितिजाच्या वर होते.

“अहो, नियम घड्याळाचा घेतला होता, की सूर्याचा?”

दुबईची वेळ भारताच्या दीड तास मागे आहे. अण्णांच्या हातावर अजून सांगली चालत होती. भोवती मात्र पावणेसहाच वाजले होते. आक्कांनी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, पिण्याच्या पाण्याच्या नळावर बाटली भरली आणि नेहमीप्रमाणे दुपदरी कापडातून पाणी गाळून घेतले. येणारे-जाणारे क्षणभर पाहत आणि पुढे जात. अण्णा सूर्याकडे तोंड करून जेवले, गोळी घेतली, चूळ भरली. थोड्याच वेळात बिंब खाली गेले.

दुसरी अडचण याहून शांतपणे आली. तिकिटावर छापलेल्या बी दालनातील दारापाशी दोघे जाऊन बसले. अण्णा कान देऊन होते. बसस्थानकावर, रेल्वे फलाटावर कुणीतरी पुकारतेच. येथेही पुकारतील, असा त्यांचा हिशेब होता. परंतु या विमानतळावर विमानांची पुकार होत नाही. प्रवाशाने फलक पाहावा आणि आपले आपण निघावे, अशी येथील रीत आहे. वेळ जवळ येत चालली, तरी समोरचे दार बंदच होते.

“विचारून येते,” आक्का म्हणाल्या.

“कशाला? चाळीस वर्षांत मला कुणाला वाट विचारावी लागली नाही.”

“पेठेत नाही लागली. ही पेठ आपली नव्हे.”

आक्का शाळेत सातवीपर्यंतच शिकलेल्या. पण तिकिटावरचा विमान क्रमांक त्यांनी तोंडपाठ केला होता. जवळच्या दुकानातील केरळी तरुणाला त्यांनी हिंदीतून विचारले. तो दुकानाबाहेर येऊन फलकापाशी उभा राहिला. दार बदलले होते. विमान आता ए दालनातून सुटणार होते आणि तेथे जायला ती छोटी रेल्वे गाठायची होती. “माताजी, अभी निकलिए,” एवढे सांगून त्याने जिन्याची दिशा दाखवली.

दोघे भराभर चालू लागले. रेल्वेत अण्णा काही बोलले नाहीत. दारापाशी पोहोचले तेव्हा शेवटची पंधरा-वीस माणसे रांगेत उरली होती. आणखी थोडा वेळ ते त्या बंद दारासमोर बसून राहिले असते, तर लेकीच्या घरी त्या रात्री केवळ काळजीच पोहोचली असती.

रांगेत उभे असताना अण्णांनी घड्याळ काढले आणि काटे दीड तास मागे नेले. मग ते आक्कांपुढे धरून म्हणाले, “बरोबर आहे का, बघ.”

“बरोबर आहे,” आक्का म्हणाल्या, “पण तिकडे उतरल्यावर पुन्हा बदलावे लागेल.”

“तेव्हा तिथे कुणाला तरी विचारू,” अण्णा म्हणाले.