मागच्या गाडीसाठीचा दिवा

मोटारसायकलच्या मागे दिवा एकच असतो. बहुतेक कारना डावीकडे, उजवीकडे आणि मागच्या काचेपाशी वर असे तीन ब्रेकलाइट असतात. एखादा गेला तरी निभावतं. आपल्या गाडीवर मात्र पुढे गाडी आहे हे सांगायचं आणि ती थांबते आहे हेही सांगायचं, अशी दोन्ही कामं एकाच बल्बवर असतात. आणि हा दिवा चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही, त्यामुळे त्याच्याकडे सहसा कुणी बघतही नाही.

पावसाळ्यात मी ताम्हिणी घाटातून माणगावला बुलेटवर जाते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे इतकं धुकं उतरतं, की पुढच्या गाडीचा नुसता लाल ठिपका दिसतो. एकदा दादा कार घेऊन माझ्या मागे होता. चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "तुझा दिवा दिसतो गं, पण ब्रेक कधी लागतो ते कळतच नाही. अंतर कमी झालं की मला ब्रेक मारावा लागतो." ते ऐकून मी हादरलेच. माझ्या मागे नेहमी दादा नसतो, वाळूचा डंपरही असतो.

गाडीत 21/5 वॅटचा बल्ब होता. त्यात दोन फिलामेंट असतात: टेललाइटची 5 वॅटची, ब्रेकची 21 वॅटची. म्हणजे ब्रेक दाबल्यावर उजेड चांगला वाढायला हवा. मेकॅनिकने काच उघडली तर आत धुळीचा थर, रिफ्लेक्टर मळलेला आणि होल्डरमधल्या पितळी टोकांवर हिरवट गंज. टोकं पॉलिश पेपरने घासली, अर्थिंगचा स्क्रू घट्ट केला, काच साबणाने धुतली. एवढ्यानेच बराच फरक पडला. नवा बल्ब घेण्याआधी प्रत्येकाने हे करावं. खर्च जवळपास काहीच नाही.

एलईडी घ्यायला नाना पेठेत गेले. दुकानदाराने काउंटरवरच्या बॅटरीला एकेक बल्ब लावून दाखवला. सगळेच डोळे दिपवणारे. "ताई, पांढरा घ्या, सगळ्यात जास्त उजेड," तो म्हणाला. उघडा बल्ब पाहिला तर त्याचं खरंही होतं. पण माझा बल्ब लाल काचेच्या आत बसणार होता. लाल काच फक्त लाल प्रकाश बाहेर सोडते. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा-पिवळा भाग जास्त आणि गडद लाल कमी, त्यामुळे बराच उजेड काचेतच अडतो. लाल एलईडीचा प्रकाश मुळातच लाल, तो जवळपास सगळा बाहेर येतो. म्हणून लाल काचेला लालच एलईडी.

लाल बल्बची एक अडचण आहे. टेललाइटच्या खालच्या पारदर्शक काचेतून नंबरप्लेटवर उजेड पडतो, तोही मग लाल पडतो. नंबरावर पांढराच उजेड हवा, असा नियम आहे. म्हणून प्लेटच्या वर एक छोटा पांढरा एलईडी वेगळा बसवून घेतला.

उघडझाप करणारा बल्बही होता. तो मी नाकारला. धुक्यात लुकलुकणारा दिवा पाहून मागच्याला इंडिकेटर की ब्रेक, असा विचार करावा लागतो, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे नसतो.

निवडीची खरी परीक्षा झाली ती भर दुपारच्या उन्हात. मी सीटवर, दादा गल्लीच्या टोकाला. टेललाइट चालू ठेवून मी मधूनच ब्रेक दाबायचे आणि तो ओरडायचा, "आता!" एका बल्बला तो गप्पच राहिला. त्याचा टेललाइटच इतका प्रखर होता की ब्रेकचा उजेड वेगळा उठेना. दुसऱ्याला फक्त टोकाशी एलईडी होते, म्हणून काचेच्या मधोमध एक ठिपका आणि बाकी अंधार. मी ठेवला तो बल्ब चहूबाजूंनी एलईडी असलेला. त्याचा उजेड रिफ्लेक्टरवर पडून अख्खी काच पेटते, टेललाइट सौम्य राहतो, आणि ब्रेक दाबताच दादाची हाक यायची.

एलईडीचा आणखी एक मोठा फायदा आहे. साध्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. एलईडी तत्काळ पेटतो. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात तेवढ्या वेळात मागची गाडी तीन मीटरहून जास्त पुढे येते. माझी अख्खी बुलेट त्याहून आखूड आहे. शिवाय मागच्या ब्रेकचा स्विच असा सेट करून घेतला, की पायाचा हलका दाब पडताच, ब्रेक धरण्याआधीच, दिवा लागतो.

बल्ब किती वॅटचा, किती एलईडींचा, हे खोक्यावर छापलेलं असतं. पण महत्त्वाचा असतो तो टेललाइट आणि ब्रेकलाइट यांच्यातला फरक, आणि तो मागे उभं राहणाऱ्यालाच कळतो. म्हणून पावसाळ्याआधी एकदा भर उन्हात कुणाला तरी गाडीमागे पंचवीस पावलांवर उभं करा, दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबा आणि त्याला काय दिसतं ते विचारा. बल्ब विकत घ्या तो त्यानंतर.