पहिल्या मजल्यावरचा दवाखाना

दातांचा दवाखाना आपण पाहता तो खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांवर येणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात. तो चालतो कसा, वेळा कशा ठरतात, कागद कुठे राहतात आणि पैशांचे गणित कसे जुळते, ही बाजू सहसा रुग्णासमोर येत नाही. एरवी ती न आली तरी बिघडत नाही. परंतु साठी-सत्तरी ओलांडलेल्या रुग्णाच्या उपचारांचे यश निम्मे या व्यवस्थेवरच अवलंबून असते, हे विलेपार्ल्यात दवाखाना चालवताना मला वर्षानुवर्षे दिसत आले आहे. म्हणून आज दात किडण्याविषयी न लिहिता दवाखाना चालवण्याविषयी लिहितो.

आरंभ जिन्यापासून करावा लागेल. पार्ले पूर्वेच्या अनेक जुन्या इमारती तळमजला अधिक तीन मजले अशा आहेत आणि त्यांना लिफ्ट नाही. विमानतळ शेजारी असल्यामुळे फनेल झोनमध्ये उंचीवर मर्यादा येते, आणि त्यापायी कित्येक इमारतींचा पुनर्विकास अडून राहिला आहे. तळमजल्याचे गाळे दुकानांना परवडतात. डॉक्टर, वकील आणि शिकवणीचे वर्ग पहिल्या मजल्यावर जातात. चाळिशीत धावत जिना चढून आलेले रुग्ण आता पंचाहत्तरीला आले आहेत. त्यांची दाढ दुखते. पण दवाखान्यात यायचे की नाही, हे गुडघा ठरवतो. वेदनाशामक गोळीवर महिना काढला जातो, आणि साध्या सिमेंटने भरता आली असती ती दाढ काढण्याच्या अवस्थेला पोहोचते.

यावर मला सापडलेले उपाय फार थोर नाहीत. जिन्याच्या वळणावर एक पाठीची खुर्ची, दोन्ही बाजूंना कठडा, पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी आणि खाली एक घंटा. ती वाजली की मदतनीस खाली उतरते. तपासणी, कवळीचे माप किंवा टोचणारी कवळी घासून देणे ही कामे यंत्रांशिवाय होतात. ती एखाद्या तळमजल्यावरच्या खोलीत, प्रसंगी रुग्णाच्या घरीही करता येतात. आपल्या दंतवैद्याने हे स्वतःहून सांगितले नसेल, तर आपण विचारावे. फोनवर वेळ मागतानाच ‘जिना चढवत नाही’ एवढे सांगितले, तर बहुतेक ठिकाणी काही ना काही मार्ग निघतो.

वेळेचे म्हणाल तर ज्येष्ठांसाठी सकाळ उत्तम. मधुमेह असलेल्या व्यक्तीने न्याहारी करून, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दहा-अकराच्या सुमारास यावे. ‘दात काढायचा आहे म्हणून काही खाल्ले नाही’ असे सांगत उपाशी येणारे आजोबा दर महिन्याला एक तरी भेटतात. सुन्न करण्याच्या इंजेक्शनसाठी उपाशी राहण्याची गरज नसते. उलट साखर उतरून खुर्चीतच घाम फुटण्याचा धोका असतो. रक्तदाबाची गोळीही त्या दिवशी चुकवू नये. काम संपल्यावर खुर्ची एकदम सरळ करून रुग्णाला उभे केले, तर रक्तदाब खाली जाऊन चक्कर येते. आम्ही दोन मिनिटे बसवून, पाणी देऊन मगच उठवतो. ही दोन मिनिटे वेळापत्रकात धरावी लागतात. संध्याकाळच्या गर्दीत ती सापडत नाहीत.

येथे थोडे पैशांचे बोलतो, कारण संकोचापायी दोन्ही बाजूंनी ते टाळले जाते. दंतवैद्याचा दवाखाना खर्चिक असतो. जागेचे भाडे, मदतनिसाचा पगार, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र आणि बाहेरच्या लॅबचे बिल हे सगळे खुर्चीवर चाललेल्या कामातूनच निघायचे असते. पूर्ण कवळी करायची तर पहिले माप, पक्के माप, चाव्याची नोंद, मेणातली कवळी बसवून पाहणे, पक्की कवळी देणे आणि नंतर टोचणारी जागा घासून देणे अशा पाच-सहा खेपा होतात. तेवढ्या वेळात एखाद्या तरुणाचे रूट कॅनाल आणि वर कॅप सहज होऊन जाते आणि मिळकतही अधिक होते. त्यामुळे नव्या दवाखान्यांचा कल कवळीपासून दूर, इंप्लांटकडे जात आहे. मला यात दुष्टावा दिसत नाही, हिशेब दिसतो. पण हिशेबाच्या या कलामुळे ज्येष्ठांची साधी, वेळखाऊ कामे मागे पडतात, हे मान्य केले पाहिजे. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे: आठवड्यातल्या दोन सकाळी फक्त ज्येष्ठांच्या. त्या दोन सकाळी गल्ला कमी जमतो, हे दवाखान्याच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेले असते. नव्याने दवाखाना थाटणाऱ्या मुलामुलींना मी हेच सुचवतो. चांगली बसलेली कवळी पुढे त्या घरातली आणखी माणसे घेऊन येते.

उपचारांआधी लेखी अंदाज मागण्यात काहीही गैर नाही. त्यात टप्पे, प्रत्येक टप्प्याचा खर्च, आणि ‘हे आत्ता केले नाही तर काय होईल’ याचे उत्तर असावे. नेहमीचा मेडिक्लेम दातांच्या बाह्यरुग्ण उपचारांना सहसा उपयोगी पडत नाही, तेव्हा ही रक्कम बहुधा निवृत्तिवेतनातून किंवा ठेवींच्या व्याजातून जायची असते. ज्यांना खासगी खर्च पेलत नाही, त्यांच्यासाठी मुंबई सेंट्रल स्थानकापासून जवळ महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. ते 1933 पासूनचे. चर्चगेटकडे जाणारी धीमी गाडी पार्ल्याहून थेट तेथे पोहोचवते. तेथे रांग असते, विद्यार्थी काम करतात म्हणून वेळ लागतो, पण वर शिक्षकांची नजर असते. सोबत कुणी असेल आणि घाई नसेल, तर कवळीसाठी ते ठिकाण मी निःसंकोचपणे सुचवतो.

आता केसपेपरकडे वळतो. दवाखान्यातली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असे विचारले तर मी खुर्चीकडे बोट दाखवणार नाही; रुग्णाच्या नोंदींच्या फाइलीकडे दाखवीन. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ या प्रश्नाला हमखास येणारे उत्तर म्हणजे ‘बीपीची एक, शुगरची एक, आणि एक छोटी पांढरी.’ ती छोटी पांढरी गोळी बहुतेक वेळा रक्त पातळ ठेवणारी निघते. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना एखादा दात काढायचा असेल, तर ती बंद करावी लागतेच असे नाही. दाब देऊन, टाका घालून रक्तस्राव थांबवता येतो. परस्पर गोळी थांबवली, तर रक्ताची गुठळी होऊन हृदयाला किंवा मेंदूला इजा होण्याचा धोका त्या रक्तस्रावाहून कितीतरी मोठा असतो. वॉरफेरिन किंवा अॅसेनोकुमारॉल घेणाऱ्यांनी दात काढण्याआधी एक-दोन दिवसांत आयएनआर ही तपासणी करून अहवाल सोबत आणावा. निर्णय दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा. शेजारच्या काकांच्या अनुभवावरून घेऊ नये. हृदयातली झडप बदललेली असेल, तर दात काढण्यासारख्या कामाच्या तासभर आधी प्रतिजैविक घ्यावे लागते. तेही आधी कळले तरच शक्य होते.

आणखी एक गोष्ट जवळजवळ नेहमी सांगायची राहते. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक अॅसिड, किंवा सहा महिन्यांनी टोचले जाणारे डेनोसुमॅब. रोज घ्यावे लागत नसल्यामुळे रुग्णाच्या लेखी ते ‘औषध’च नसते. परंतु ही औषधे चालू असताना दात काढला, तर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही, उघडे राहते. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत हा धोका थोडा असतो, कर्करोगासाठी दिलेल्या मोठ्या मात्रेत बराच अधिक. तेव्हा असे इंजेक्शन सुरू होण्यापूर्वीच दात तपासून घ्यावेत, आणि घेतले असल्यास त्याची तारीख सांगावी. घरातल्या कुणीतरी सर्व औषधांची वेष्टने एका पिशवीत घालून आणावीत. हस्ताक्षरातल्या यादीपेक्षा ती पिशवी मला अधिक भरवशाची वाटते. माझ्या दवाखान्यात मदतनीस दर सहा महिन्यांनी ही नोंद नव्याने करते, रुग्ण ‘काही बदल नाही’ म्हणाला तरीही.

उपचार कोणासाठी चालले आहेत, हा प्रश्न पार्ल्यात विशेष उभा राहतो, कारण अनेक घरांत आईवडील येथे आणि मुले परदेशात. मुलगा तिकडून फोनवर विचारतो, ‘डॉक्टर, आईला सगळे इंप्लांट बसवू या, खर्चाचे बघू नका.’ त्याची कळकळ खरी असते. खुर्चीत बसलेल्या आजींना मात्र भाकरी चावता यावी आणि हसताना कवळी सुटू नये, एवढेच हवे असते. चार-सहा महिने चालणारी शस्त्रक्रियांची मालिका नको असते. अशा वेळी मी फोन स्पीकरवर ठेवतो आणि प्रश्न आजींनाच विचारतो. संमतीच्या कागदावर सही त्यांची. स्मृतिभ्रंशामुळे निर्णय घेणे शक्य नसेल तेव्हा गोष्ट वेगळी. तेथेही आपल्या वडिलांशी बोलणे थांबवून त्यांच्या डोक्यावरून आपसात बोलू नये, ही माझी काळजीवाहकांना विनंती आहे.

निर्जंतुकीकरणाविषयी थोडक्यात. हत्यारे पाकिटात सीलबंद असावीत, ती आपल्यासमोर उघडावीत, आणि ऑटोक्लेव्हमधून निघाल्याची खूण म्हणून पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असावा. ‘दाखवता का?’ असे विचारल्याने कुठलाही चांगला दंतवैद्य रागावत नाही. दंतवैद्य म्हणून झालेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, तेही पाहावे.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे तोंड हा मात्र दवाखान्यापेक्षा घराचा विषय. दात नाहीत म्हणून तोंड स्वच्छ करायचेच नाही, असा समज अनेक घरांत असतो. अस्वच्छ तोंडातली लाळ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. डोके उंच करून, मान एका कुशीवर वळवून, मऊ ब्रशला अगदी थोडी पेस्ट लावून दिवसातून दोनदा दात व जीभ स्वच्छ करावी. दात नसतील तर ओल्या गॉझने हिरड्या पुसाव्यात. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्याने ती वाकते, टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले ठेवावे, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही.

आणि नवी कवळी करून घेत असाल, तर लॅबकडून आतल्या बाजूला रुग्णाचे नाव घालून घ्या. पारदर्शक अॅक्रिलिकच्या थराखाली छोटी चिठ्ठी बसवतात, तेवढेच काम असते. रुग्णालयात दाखल होताना कवळी काढून कागदी रुमालात गुंडाळली जाते, उशीखाली किंवा जेवणाच्या ताटात राहते, आणि कचऱ्यात जाते. नाव असलेली कवळी वॉर्डातल्या मावशी परत आणून देतात.