नियर मिसचे पॉइंट

मागच्या पावसाळ्यात ताम्हिणी घाटात मी एका टेम्पोला ओव्हरटेक केलं. समोरून एक कार आली. बसलो कसेबसे मधल्या फटीत; आरसे वाचले एवढंच. खरं तर भीती वाटायला हवी होती. पण वाटली ती गंमत! डोक्यात चक्क पॉइंट पडले.

शेजारी बाबा होते. त्यांची हयात एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. पंचवीस वर्षं विनाअपघात म्हणून सत्कार झालेला माणूस. ते काहीच बोलले नाहीत.

आता हे पॉइंट कुठले? तर फोर्झा होरायझन 4, 2018 चा गेम. एडिंबरासकट ब्रिटनचा एक आटोपशीर तुकडा, चार ऋतू, आणि हवं तिकडे उंडारायला मोकळे रस्ते. त्यात येणाऱ्याजाणाऱ्या गाडीला न धडकता अगदी चाटून गेलात की ‘नियर मिस’चे पॉइंट मिळतात. कुंपण तोडलं तरी पॉइंट! अशा करामती लागोपाठ केल्या की गुणाकार. रेसमध्ये चुकलात तर एक बटण दाबून वेळ मागे न्यायची सोय. ऑनलाइन भटकताना भेटणाऱ्या इतर खेळाडूंच्या गाड्या भुतासारख्या आरपार जातात. मजा येते राव, खोटं कशाला बोलू? आठवडाभर दुसऱ्याचा कोड निस्तरल्यावर हेच हवं असतं.

पुढे ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने आयरेसिंग घेतलं. हा सिम्युलेटर 2008 पासून चालू आहे. सबस्क्रिप्शन, स्टिअरिंग, पेडल... आणि बायकोची नजर. इथे सगळा हिशोबच उलटा. ट्रॅकबाहेर गेलात की एक ठपका, गाडी भेलकांडली तर दोन, दुसऱ्याला जोरात ठोकलंत तर चार. आणि चूक कोणाची हे सिस्टीम विचारतच नाही! मागून येऊन कोणी धडकलं तरी दोघांच्या नावावर. किती वळणांमागे किती ठपके, यावरून सेफ्टी रेटिंग ठरतं आणि त्यावर लायसन्स. सुरुवात अर्थातच रूकी. पहिल्या आठवड्यात मी इतका चिडलो की हा बगच आहे असं मित्राला ठासून सांगितलं.

पण हळूहळू सवय बदलली. पुढे दोघं जण चाकाला चाक लावून झुंजताना दिसले की आपोआप पाय उचलायला लागलो. टायरची पकड मोजून मापून असते, सगळी ब्रेकमध्ये उधळली तर वळायला काही उरत नाही, हे पुस्तकात वाचलेलं तळहाताला कळलं. मी अगदी प्रचारकच झालो. होरायझन म्हणजे पोरखेळ, सिम म्हणजे खरं ड्रायव्हिंग!

तरी घाटात मी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर बाबांना सिमवर बसवलं. (थोडं ओशाळून, थोडं शायनिंग मारायला.) लाइम रॉकच्या ट्रॅकवर त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. गिअर झकास टाकले.

“अरे, समोरून कोणी येतच नाही?”

“ट्रॅक आहे ना बाबा. सगळे एकाच दिशेने जातात.”

“मग सोपं आहे,” म्हणाले.

इथे माझी विकेट पडली. गाडी अगदी खरी, पण रस्ता? समोरून येणारं वाहन, चौक, आंधळं वळण हे सगळं त्या पोरखेळातच होतं.

म्हणून होरायझन लावला. ब्रिटन, म्हणजे आपल्यासारखंच डावीकडून. बाबा एका गाडीमागे चाळीसच्या स्पीडने निघाले. मी दोनदा म्हटलं, काढा पुढे, काही होत नाही. काढली नाही. चौकात थांबले. वळणाआधी हॉर्न कुठलाय ते विचारून घेतलं. वीस मिनिटांत एकही नियर मिस नाही.

मग गाडी कडेला घेऊन थांबवली आणि स्क्रीनकडे बघतच म्हणाले, “काल त्या गाडीत मागे दोन पोरं होती. बघितलीस?”

मी बघितली नव्हती.