कार्डात शिरण्याआधी

चेन्नईतल्या एग्मोरच्या मेट्रो स्टेशनात फाटकाला कार्ड टेकवलं की क्षणार्धात दार उघडतं. कार्डात बॅटरी नसते. फाटकाच्या रेडिओलहरींतून मिळेल तेवढ्या विजेवर आतली चिप जागी होते, चाव्या जुळवून ओळख पटवते, शिल्लक कमी करते आणि पुन्हा विझते. हे भूमिगत स्टेशन २०१८ च्या मे महिन्यात सुरू झालं. २०२३ पासून चेन्नई मेट्रोत राष्ट्रीय मोबिलिटी कार्ड चालू लागलं आणि आता ते शहराच्या एमटीसी बसमध्येही चालतं. पुण्या-मुंबईच्या मेट्रोतही याच जातीची कार्डं आहेत. बँकेचे पैसे आणि प्रवासाचा पास एकाच चिपमध्ये शेजारी राहतात. अशा चिपमध्ये चढणारे प्रोग्राम शेजाऱ्याच्या घरात हात घालू शकणार नाहीत ना, हे चढवण्याआधी तपासणं हा माझा व्यवसाय.

वाहन परवान्यांच्या कार्डांसाठी आयआयटी कानपूर आणि सरकारी संस्था एनआयसी यांनी स्कोस्टा हे मानक घडवलं. ते मुख्यतः फायली, चाव्या आणि आज्ञांचं. १९९६ मध्ये आलेल्या जावा कार्डाने दुसरी वाट धरली. कार्ड लोकांच्या खिशात गेल्यावरही त्यात नवा प्रोग्राम, म्हणजे अ‍ॅपलेट, चढवता यावा अशी सोय त्यात झाली. दोन अ‍ॅपलेटांच्या मध्ये एक भिंत असते, तिला आम्ही फायरवॉल म्हणतो. पण ती टिकते एका गृहीतकावर: प्रोग्राम आकड्याला आकडा आणि वस्तूला वस्तूच समजेल.

हे गृहीतक किती नाजूक आहे पाहा. जावा कार्डात शॉर्ट हा आकडा सोळा बिटांचा असतो आणि अनेक कार्डांत एखाद्या वस्तूचा रेफरन्स, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणारा पत्ता, हाही सोळाच बिटांचा. म्हणजे चिपच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. दहा बाइटांची यादी घेऊन ‘ही दहा शॉर्टांची यादी आहे’ असं कार्डाच्या गळी उतरवलं, तर मर्यादेची तपासणी दहापर्यंतच राहते आणि वाचता येतात वीस बाइट. त्या वरच्या दहा बाइटांत कुणाचं काय पडलं असेल, सांगता येत नाही. जावाचा कंपायलर असा प्रोग्राम कधीच बनवणार नाही. पण कंपायलरने बनवलेल्या फाइलमधले दोन-चार बाइट हाताने बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून बाइटकोड व्हेरिफायर. तो प्रोग्राम चालवत नाही. एकेक आज्ञा घेऊन तो एवढंच विचारतो, की हिला स्टॅकवर, म्हणजे आज्ञा जिथून माल उचलतात आणि जिथे ठेवतात त्या जागेवर, जे हवं, ते तिथे पोचणाऱ्या प्रत्येक वाटेने हमखास असेल का? किमतींशी त्याला कर्तव्य नसतं, तो फक्त प्रकार पाहतो. दोन वाटा एका जागी मिळाल्या, की दोन्हीकडून आलेल्या प्रकारांना सामावणारा प्रकार शोधतो आणि काही बदललं तर तिथून पुढे पुन्हा चालतो. संघात नव्याने आलेली मुलं विचारतात, ‘पण मॅडम, टेस्टिंग तर झालंय ना?’ टेस्टिंगमध्ये आपण निवडलेल्या वाटा चालून पाहतो. हल्ला करणारा नेमकी उरलेली वाट निवडतो. व्हेरिफायरचा होकार सगळ्या वाटांबद्दल असतो. या कामावरचं माझं प्रेम त्या ‘सगळ्या’मुळे आहे.

अडचण जागेची. शतकाच्या सुरुवातीच्या कार्डात एक ते चार किलोबाइट रॅम असे. एवढ्यात प्रत्येक जागेचे प्रकार लिहून ठेवणार कुठे? फ्रान्समधल्या झाव्हिए लरुआ यांनी त्याच काळात यावर एक देखणा उपाय काढला. प्रोग्रामला आधी बाहेरच थोडं वळण लावायचं: उडी मारताना स्टॅक रिकामा असावा आणि प्रत्येक रजिस्टरचा प्रकार मेथडच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहावा. मग कार्डातला छोटा व्हेरिफायर एका फेरीत काम उरकतो. व्यवहारात मात्र बहुतेक कार्डांनी स्वस्त मार्ग घेतला. पडताळणी बाहेरच्या संगणकावर होते आणि कार्ड फक्त सहीची किंवा चावीची खात्री करतं.

पण चावी कुणाच्या हातात आहे एवढंच सही सांगते, फाइल तपासली होती की नाही हे सांगत नाही. २०२५ मध्ये पोलंडच्या सिक्युरिटी एक्सप्लोरेशन्सने एका ई-सिमवर हेच दाखवलं. चाचणीसाठीच्या प्रोफाइलच्या चाव्या माहीत होत्या, त्या वापरून पडताळणी न झालेलं अ‍ॅपलेट आत गेलं आणि ई-सिमच्या प्रमाणपत्राची खासगी चावी बाहेर आली. त्यामुळे आमच्याकडे पडताळणी आणि सही यांच्यामध्ये फाइल कुणाच्याही हाती जात नाही. एक बाइट बदलला तरी सगळं पुन्हा, मग माल पाठवायची तारीख उद्याची असली तरी.

व्हेरिफायरचा शब्दही शेवटचा नव्हे. २००८ मध्ये वोयचेख मोस्तोव्हस्की आणि एरिक पॉल यांनी काही कार्डांत दाखवलेली फट मी प्रत्येक नव्या माणसाला समजावते. व्यवहाराच्या मध्ये वस्तू निर्माण करायची आणि व्यवहार रद्द करायचा. कार्डाने त्या वस्तूकडे बोट दाखवणारे सगळे रेफरन्स पुसायला हवेत. काही कार्डं पुसत नव्हती. मोकळी झालेली जागा दुसऱ्या प्रकारच्या वस्तूला मिळे आणि जुना रेफरन्स तिच्याकडेच बोट दाखवत राही. प्रोग्राम नियमांत चोख, व्हेरिफायरचा होकार योग्य, तरी भिंत पडली. दोन वर्षांनी फ्रान्समधल्या संशोधकांनी लेझरचा झोत मारून चिपला प्रकार-तपासणीची एक आज्ञा चुकवायला लावली. तिथे कागदावरचा पुरावा अपुरा पडतो, चालू असतानाही तपासावं लागतं.

आजच्या चिपांत जागेची सबब उरलेली नाही. विकल्यानंतर बाहेरून अ‍ॅपलेट घेणार असलेल्या कार्डात व्हेरिफायर आतच असावा आणि सहीचा तपास त्याच्या जोडीला राहावा, या मताची मी आहे. महामंडळं, बँका, मेट्रो कंपन्या लाखांनी कार्डं मागवतात. त्यांच्या निविदांत प्लास्टिकची जाडी आणि छपाईचा रंग असतो. त्यात ही एक ओळ घालायला हवी, कारण अटीत नसलेली गोष्ट पुरवठादार आपणहून देत नाही.