उंबराचे फूल

मागच्या रविवारी धाकटीला घेऊन कान्हेरीला गेलो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर. पोरगी म्हणाली, "पप्पा, चालत जाऊ." डबा मी घेतला, भिंग तिने.

वाटेत ओढ्याकाठी उंबर लागला. खोडालाच फळे लगडलेली.

"याला फूल कधी येतं?"

मी सवयीने म्हणालो, "उंबराचं फूल दिसत नसतं. ज्याला दिसतं त्याचं नशीब उघडतं."

"कोणी पाहिलंय?"

आता काय सांगणार? मला आईने सांगितले, तिला तिच्या आईने. १९५६ साली धम्मदीक्षा घेतल्यावर आजोळी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले, पण हे फूल राहूनच गेले. लहानपणी हाच प्रश्न मी विचारला, तेव्हा "मोठ्यांना उलटं विचारू नये" असे ऐकून घेतले होते. तेच वाक्य माझ्याही ओठावर आले. विहारात बसून कालाम सुत्त ऐकायचे आणि पोरीला गप्प करायचे! लाज वाटली.

उद्यानात काही तोडायचे नाही, म्हणून खाली पडलेले एक फळ उचलून फोडले. भिंगाखाली पाहिले तर आतल्या भिंतीला शेकडो बारीक तुरे दाटीने चिकटलेले. तीच फुले! ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांची बंद पिशवी. मध्येच चिलटाएवढे दोन किडे वळवळले.

पुढचे घरी येऊन पुस्तकात शोधले. फळाच्या टोकाशी बारीक तोंड असते. त्यातून मादी किडा आत शिरतो, शिरताना त्याचे पंख तुटतात. अंगाला लागून आलेले पराग तो फुलांना देतो, तिथेच अंडी घालतो आणि मरतो. पिलांतल्या नरांना पंखच नसतात. ते बाहेर पडायची वाट पोखरतात आणि माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. हा किडा नाही, तर उंबराला बी नाही. आम्ही मात्र किडके म्हणून फेकत आलो.

लेण्यांपाशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी पाहून पोरीचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. या वेळी मीही तिच्याबरोबर वाकून पाहिले.

दुसऱ्या दिवशी चाळीमागच्या उंबराचे फळ चिरून तिने आजीच्या हातात भिंग दिले. आई बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "पाहिलं बाई फूल. आता रेशनच्या रांगेत माझा नंबर पहिला लागतो का बघू."